भयकथेचे मासिक आणि समीक्षेचे कर्तव्य

भयकथेला वाहिलेल्या छोट्या मासिकाचा पुरस्कार कोणत्या भूमिकेवरून करावा? सामान्यतः अशा मासिकाचा प्रचार वाचकाला थरकापाचे आश्वासन देऊन केला जातो. त्याने एखादा अंक खपेल. वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा मात्र वाढावयाची नाही.

मराठीत भयकथेला नियतकालिकांचा आश्रय लाभला नाही, असे नव्हे. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढले. पुढे त्यांच्याच 'नवल'ने अद्भुत, रहस्य व भय यांना हक्काचे स्थान दिले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना मोठा वाचकवर्ग मिळाला. उणीव राहिली ती समीक्षेची. धारपांची 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. परंतु परकी पिशाचकल्पना मराठी परिसरात रुजविताना काय पालटले, याची मीमांसा अभ्यासकांनी क्वचितच केली.

याउलट जबलपूरशी निगडित असलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. हरिशंकर परसाई यांनी १९५६ साली तेथून 'वसुधा' हे लहानसे हिंदी मासिक सुरू केले. ते भयकथांचे नव्हते. परंतु मराठी मातृभाषा असलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी'तील बरेच चिंतन त्यातूनच वाचकांपुढे आले. निर्मितिप्रक्रियेविषयी असे मूलगामी चिंतन करणाऱ्या याच कवीने 'ब्रह्मराक्षस' लिहिली. पडक्या विहिरीत अंग घासघासून धूत राहणारे ते पिशाच लोककथेतून आलेले. तथापि हिंदी समीक्षेने त्यात बुद्धिजीवी माणसाची तडफड ओळखली. मुंजा आणि ब्रह्मराक्षस आपल्याही परंपरेत आहेत. आपली समीक्षा मात्र 'रंजनपर' असा शिक्का मारून पुढे गेली. परिचित घरातून आणि मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून भय उभे करणाऱ्या मतकरींच्या गूढकथेसही हा शिक्का चुकला नाही.

यास्तव भयकथेच्या मासिकाने आपला समीक्षक स्वतःच घडविला पाहिजे. प्रत्येक अंकात एका तरी कथेची साक्षेपी चिकित्सा असावी. रूपांतर असेल तेथे मूळ लेखकाचे नाव निःसंकोचपणे द्यावे. आणि जबलपूरसारख्या, महाराष्ट्राबाहेरील शहरांतील मराठी लेखकांकडून तेथील लोकश्रद्धांवर आधारलेल्या कथा मागवाव्या. हाच त्या मासिकाचा खरा प्रचार होय. आपण का भ्यालो, हे ज्याला उमगले, तो वाचक पुढील अंकाची वाट पाहील.