थर्मामीटरमधला हरवलेला आघात

लांब इंग्रजी शब्द फळ्यावर आला की आपण त्याचे तुकडे पाडतो : थर्-मो-मी-टर. वर्ग ते एका सुरात म्हणतो. परभणी जिल्ह्यातल्या शाळांत व्याख्यानासाठी जातो तेव्हा हे नेहमी कानावर येते.

मोजणी बिनचूक असते, हे मान्य. शब्दावयव म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला तो लगेच सापडतो. बिघडते ते पुढे. चारही तुकडे सारख्याच जोराने म्हटले जातात, नाहीतर 'मी' दीर्घ म्हणून जोर तिथे जातो. इंग्रजीत आघात दुसऱ्या तुकड्यावर आहे : थ-मॉ-मि-टर. बाकीचे स्वर आखडतात. वृत्त शिकवताना आपण अक्षराचे रूप पाहून लघु-गुरू ठरवतो. इंग्रजीत बऱ्याचदा आघात पाहून स्वराचे रूप ठरते. देवनागरीत उच्चार छापणारे खिशातले शब्दकोश नेमके हेच गाळतात. एक उभी रेघ छापली असती तरी भागले असते! अनेक अमेरिकी कोशांत शब्दामध्ये टिंबे असतात खरी, पण ती ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगण्यासाठी. त्यांना उच्चाराचे तुकडे समजू नये.

संशोधक विद्यार्थी असताना एका परिसंवादात मी 'हायपोथेसिस' हा शब्द 'थे'वर जोर देऊन म्हणत होतो. पाहुण्या शास्त्रज्ञांनी दोनदा विचारले, "कोणता शब्द?" स्पेलिंग मला पाठ होते. आघात 'पॉ'वर असतो, हे शाळेपासून कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर प्रश्नोत्तरांत मी तोंड उघडले नाही.

परभणीत १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी नावातच एक चांगला पाठ आहे. 'ॲग्रिकल्चर'मध्ये मुख्य आघात पहिल्या तुकड्यावर. 'ॲग्रिकल्चरल' म्हणताच तो तिसऱ्यावर, 'कल्'वर सरकतो. 'युनिव्हर्सिटी'तही तिसराच, 'व्हर्'. शेवटी 'इक' किंवा 'शन' असले तर आघात बहुधा लगेच आधीच्या तुकड्यावर : सायन्टिफिकमध्ये 'टि', रेडिएशनमध्ये 'ए'. अंकगणिताचे इंग्रजी नाव, अरिथमेटिक, मात्र हा नियम पाळत नाही. तिथे जोर 'रिथ'वर. मोजमापाच्या तासाला आणखी एक गंमत दाखवता येईल. बॅरोमीटर, हायड्रोमीटर या उपकरणांत आघात दुसऱ्या तुकड्यावर, तर सेंटिमीटर, मिलिमीटर या एककांत पहिल्यावर.

फळ्यावर तुकडे जरूर पाडावेत, पण एकाखाली रेघ ओढावी आणि तिथे मुलांना बाकावर थाप मारू द्यावी. औषधाच्या दुकानात थर्मामीटरच मागावा. तो शब्द आता मराठीचा आहे.