बंद टॉकीज आणि बेसलाइनचा प्रश्न

दर वेळी इथं आपण एखादा पेपर उलगडून बघतो. या वेळी पेपरऐवजी एक सिनेमा घेतलाय, पण कारण रिसर्चचंच आहे. ब्राझीलच्या क्लेबर मेंडोन्सा फिल्यो या दिग्दर्शकाचा ‘पिक्चर्स ऑफ गोस्ट्स’ हा २०२३ चा माहितीपट. साधारण दीड तासाचा. एका वाक्यात विषय सांगायचा तर रेसिफे या किनाऱ्यावरच्या शहरातल्या बंद पडलेल्या टॉकीज आणि त्यांच्या भोवतीचा बदललेला परिसर.

मला सिनेमा आवडला. दोनदा बघितला. दुसऱ्यांदा मात्र वही घेऊन बसले, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मी आधी स्वतःवरच संशय घेते. ही सवय आमच्या गावच्या टॉकीजमुळे लागली. ते पुढे सांगतेच.

आधी सिनेमा. त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग दिग्दर्शकाच्या घराचा. सेतुबाल नावाच्या वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये तो लहानपणापासून राहिला आणि पुढे आपल्या कितीतरी सिनेमांचं शूटिंगही त्यानं तिथंच केलं. त्यामुळे तेच घर, तीच खिडकी, तेच शेजार यांची अनेक वर्षांची दृश्यं त्याच्याकडे साठत गेली. खिडक्यांना ग्रिल येतात, भिंती उंच होतात, शेजारचं एक घर रिकामं पडतं आणि त्याला वाळवी लागते.

याच भागात निको नावाचा शेजारचा कुत्रा आहे. सतत भुंकणारा. दिग्दर्शकाच्या ‘नेबरिंग साउंड्स’ या २०१२ च्या सिनेमात त्याचं भुंकणं आलं. पुढे निको मेला. मग तो सिनेमा टीव्हीवर लागला, आणि मेलेल्या कुत्र्याचं भुंकणं पुन्हा त्याच वस्तीत ऐकू आलं.

प्रसंग गमतीचा आहे, पण आपल्या कामाचा आहे. दुसऱ्याच कामासाठी केलेली नोंद पुढे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते. मी वनस्पतिशास्त्राची, म्हणून आमच्यातलं उदाहरण देते. हर्बेरियममध्ये चिकटवलेला नमुना कुणीतरी झाडाची ओळख पटावी म्हणून वाळवलेला असतो. त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली असली, तर शंभर वर्षांनी दुसरा कुणी त्यावरून झाडाचा फुलण्याचा काळ सरकलाय का, हे तपासू शकतो. तारीख नसेल तर तो नुसता वाळका पाला.

दुसरा भाग शहराच्या मध्यवस्तीतल्या टॉकीजचा. यात आर्ट पालासिओ या टॉकीजचे ऑपरेटर आलेशांद्रे भेटतात. क्लेबरनं त्यांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यार्थी असताना, व्हिडिओवर टिपलं होतं. ‘गॉडफादर’ इतके दिवस चालला की त्याचं संगीत नकोसं झालं, असं सांगणारा हा माणूस प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये जितका खरा वाटतो तितका कुठल्याही मुलाखतीत वाटला नसता. क्लेबरची आई इतिहासकार होती आणि मौखिक इतिहासावर काम करायची. कुणाला बोलतं करायचं आणि कुणाचं ऐकून घ्यायचं, याचं शिक्षण त्याला बहुधा घरातच मिळालं असावं.

आता पद्धतीकडे येऊ. हा सिनेमा मागे वळून केलेला अभ्यास आहे. सामग्री आधी साठली, प्रश्न नंतर आला. याच्या उलट पद्धतीचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’, २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेलेला. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये फिरणाऱ्या तंबू टॉकीजचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठलाग केला. रीळ जाऊन डिजिटल आलं, ते त्यांच्या कॅमेऱ्यासमोर घडलं. इथं प्रश्न आधी होता आणि सामग्री पुढे जमत गेली. दोन्ही पद्धती चालतात, पण दोन्हीतले धोके वेगळे. मागे वळून बघणाऱ्याला शेवट माहीत असतो. त्यामुळे जुन्या ढिगातून तो नकळत त्या शेवटाला जुळणारेच तुकडे उचलतो.

मीही नेमकं तेच केलं होतं.

महाराष्ट्रात थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावची टॉकीज उघडलीच नाही. एम.एस्सी. संपवून मी घरी नेटचा अभ्यास करत होते आणि आमच्या गॅलरीतून टॉकीज समोरच दिसायची. दर रविवारी सकाळी आठ वाजता एकाच जागेवरून एक फोटो काढायचा, असं ठरवलं. तेव्हा मी नुकतंच वाचलं होतं की १८८८ मध्ये झेबास्टियान फिन्स्टरवाल्डरनं आल्प्समधल्या हिमनद्यांचे असे ठरावीक जागेवरून फोटो काढायला सुरुवात केली आणि त्यातून हिमनद्यांचं मागे सरकणं मोजता आलं. म्हटलं, आपणही करू.

दीड वर्ष केलं. मी नसले की धाकटा भाऊ काढायचा. पोस्टरच्या काचा फुटल्या. गच्चीच्या कठड्यातून पिंपळ वर आला. सायकल स्टँडवर क्लासच्या पोरांच्या गाड्या लागायला लागल्या. भज्यांची गाडी उठून एटीएमशेजारी गेली. मी सगळं तक्त्यात भरलं आणि वर मथळा दिला, ‘ऱ्हास’. एका विद्यार्थी परिषदेत पोस्टरही लावलं. कौतुक झालं.

मग एका दिवाळीत स्टँडवरच्या काकांना मी ते पोस्टर मोबाइलवर दाखवलं. इतकी वर्षं टॉकीजच्या सायकली त्यांनीच सांभाळलेल्या. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, “पोरी, रविवारी सकाळी आठला इथं कोण असणार? टॉकीज चालू होती तेव्हा तरी कोण असायचं? संध्याकाळी सातला ये, पाय ठेवायला जागा नसते.” गेले. खरंच नव्हती. क्लास सुटलेला, भज्यांच्या गाडीच्या जागी चायनीजच्या दोन गाड्या, टॉकीजच्या पायऱ्यांवर पोरं बसलेली.

पहिली चूक सॅम्पलिंगची. ती वेळ मी माझ्या सोयीनं निवडली होती. अशी चूक समजते आणि दुरुस्तही करता येते.

दुसरी चूक काकांच्या पुढच्या वाक्यात होती. “आन् ऱ्हास कसला लिवलास? हितं आधी जत्रंला तंबू लागायचा. ही टॉकीज बांधली तेव्हा माझा बाप तंबूवाल्यासाठी हळहळला होता.”

ही चूक मला आजही पुरती दुरुस्त करता आलेली नाही. माझ्या तक्त्याचा पहिला रकाना होता ‘टॉकीज चालू असताना’. तो रकाना पहिला का? कारण मी तेव्हापासूनची आहे. काकांच्या वडिलांनी तक्ता केला असता तर टॉकीजचं बांधकाम हाच ऱ्हास ठरला असता.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये एका छोट्या लेखात याला नाव दिलं, ‘शिफ्टिंग बेसलाइन सिंड्रोम’. मासेमारीचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला माशांचा साठा मूळचा धरते आणि तिथून घट मोजते. आधीची घट हिशेबात येतच नाही. पॉलीचा मुद्दा विसरलेल्या नुकसानाचा होता. काकांच्या बोलण्यातून त्याची दुसरी बाजू कळते. चुकीच्या सालापासून मोजलं, तर साध्या बदलालाही आपण नुकसान म्हणून बसतो.

आता सिनेमाकडे परत या. माझा खरा आक्षेप इथं आहे. ‘पिक्चर्स ऑफ गोस्ट्स’ची बेसलाइन म्हणजे दिग्दर्शकाचं तारुण्य. मध्यवस्ती गजबजलेली, टॉकीजच्या दर्शनी पाट्यांवर मोठ्या अक्षरांत सिनेमांची नावं, रस्त्यावर कार्निव्हल. तिथून पुढे सगळी उतरण. सिनेमाच्या शेवटी गाडीतून जाताना रस्त्याकडेला औषधांची दुकानंच दुकानं दिसत राहतात आणि आपण हळहळतो.

पण पुरावा त्याच सिनेमात वेगळं बोलतो. तिसरा भाग देवळांचा, म्हणजे तिथल्या चर्चचा. बंद टॉकीजमध्ये चर्च भरायला लागली, हे तो दाखवतो. आणि शहरातली जी दिमाखदार टॉकीज टिकून राहिली, ती १९५२ ची साओ लुईझ, तीच मुळात जिथं आधी इंग्रजांचं चर्च होतं त्या जागेवर उभी आहे, हेही तोच सांगतो. चर्च पाडून टॉकीज आणि टॉकीज जाऊन चर्च. आर्ट पालासिओच्या मुळाशी नाझी काळातल्या जर्मनीची उफा ही चित्रपट कंपनी आणि तिचा प्रचाराचा हेतू होता, हेही त्यात येतं. म्हणजे ज्या काळाकडे आपण ओढीनं बघतोय, त्याची सुरुवात तितकीशी निरागस नव्हती. दिग्दर्शकानं हा पुरावा लपवलेला नाही, ही त्याची सचोटी. पण निवेदनाचा सूर त्यानं हलत नाही. तक्ता एक सांगतो, निष्कर्ष दुसराच.

दुसरा आक्षेप कारणांचा. टॉकीज का बंद पडल्या, यावर सिनेमा फारसा थांबत नाही. आपल्याकडचाच हिशेब मांडून बघा. व्हिडिओ आणि केबल आले. १९९७ मध्ये दिल्लीत पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं. महाराष्ट्रात २००१ पासून मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत मिळाली. रिळाच्या जागी डिजिटल प्रोजेक्टर घेणं भाग पडलं. आणि टॉकीजखालच्या जमिनीची किंमत तिकिटांच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेली. यातलं कुठलं कारण कुठं लागू पडलं, हे टॉकीजगणिक तपासावं लागतं. ‘काळ बदलला’ हे कारण होत नाही. काळ बदलला म्हणजे काय झालं, हाच तर प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, सिनेमा हा काही प्रबंध नाही, त्याला ओढ माफ आहे. मान्य. कलाकृती म्हणून तो मला अजूनही प्रिय आहे. पण तुम्ही प्रबंध लिहिणार आहात, आणि बेसलाइन चुकली तर तिथं माणसांचं नुकसान होतं. माझंच क्षेत्र बघा. महाराष्ट्रातली माळरानं बरीच वर्षं ‘खालावलेलं जंगल’ किंवा ‘पडीक जमीन’ म्हणून मोजली गेली. मूळचं जंगलच होतं, असं गृहीत धरलं की माळावर झाडं लावणं हे पुण्याचं काम ठरतं, आणि मेंढपाळाचं कुरण जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी साहित्यातले झाडांचे आणि भूभागाचे उल्लेख तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं निदान ७५० वर्षं जुनी आहेत. संतांनी आणि कथेकऱ्यांनी वनस्पतिशास्त्रासाठी काही लिहून ठेवलं नव्हतं. निकोच्या भुंकण्यासारखंच आहे हे. दुसऱ्या कामासाठी केलेली नोंद आज उपयोगी पडली आणि बेसलाइन मागे सरकली.

तेव्हा तुमच्यापैकी जे प्रस्ताव लिहायला बसलेत, त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. तक्त्याचा पहिला रकाना कुठल्या सालाचा आणि तेच साल का, हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य ‘कारण डेटा तिथूनच मिळतो’ असं असेल तरी हरकत नाही, पण ते लिहा. नोंदीची वेळ कुणाच्या सोयीनं ठरली, ते लिहा. आणि मथळा सगळ्यात शेवटी द्या.

मी पोस्टरचा मथळा बदललाय. आता तिथं ‘बदल, ऑक्टोबर २०२१ पासून, रविवार सकाळ’ एवढंच आहे. कौतुक होईल असा मथळा नाही हा. काकांना पाठवला. त्यांचा फोन आला, “आता बरोबर. पण संध्याकाळचे फोटो कधी काढणार?”

गेल्या महिन्यापासून भाऊ रोज सातला गॅलरीत उभा राहतो. पिंपळ आता कठड्याच्या वर गेलाय.