आचार्यमुष्टी आणि संशोधनपत्रिका
महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांनी स्थविर आनंदास सांगितले की, तथागतांच्या धम्मात आचार्यमुष्टी नाही. आजच्या विद्वत्पत्रिकांचा व्यवहार पाहता आम्हास या उपदेशाचे स्मरण होते. अनेक प्रकाशक नवा लेख वर्गणीदारांपुरता राखतात. ठरावीक महिने वा वर्षे लोटल्यावरच तो इतरांस खुला होतो. लेखकास व परीक्षकास बहुधा मानधन नसते. मूठ मात्र प्रकाशकाची!

केंद्र सरकारने २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना आणली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके, ही तिची व्याप्ती. परंतु लाभ सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्रीय संशोधनसंस्थांना. राहनाळच्या गोदामात दिवसभर राबून सायंकाळी विहारात पाली शिकणारा उपासक तिच्या बाहेरच राहतो. कर मात्र तोही भरतो.

पत्रिका चालविण्यास खर्च येतो, हे आम्हास मान्य आहे. तथापि ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ १९९४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. म्हणजे मूठ उघडता येते. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांनी करारावर सही करण्यापूर्वी लेख खुला ठेवण्याचा हक्क स्वतःकडे राखावा. ज्यांच्या धम्माविषयी आपण लिहितो, त्यांनाच ते वाचता येऊ नये, ही कसली विद्वत्ता?