‘कट्यार काळजात घुसली’ : वारसा आणि श्रवण

जबलपूरच्या बाजारातील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक होय. सुभाषचंद्र बोस ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्यासाठी नर्मदाकाठी वसविलेले नगर केव्हाच उठले; कमान राहिली. नाट्यप्रयोगाला असे स्मारक लाभत नाही. पडदा पडल्यावर प्रयोग उरतो तो केवळ प्रेक्षकाच्या स्मरणात. प्रमुख नट जेव्हा स्वतः थोर गायक असतो, तेव्हा हे स्मरण नाटकाला तारते की पुढच्या प्रयोगाची वाट अडविते, हा प्रश्न ‘कट्यार काळजात घुसली’च्या संदर्भात विचारण्याजोगा आहे.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले व नागपुरात घडले. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतात जबलपूरही होते. हिंदी वळणाची मराठी बोलणारे खाँसाहेब या प्रदेशातील प्रेक्षकाला परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने हे नाटक रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते. जुन्या संगीत नाटकात पद अनेकदा कथानकाला थांबवून येई, आणि ‘वन्समोअर’ त्याला आणखी लांबवी. येथे गाणे हेच कथानक आहे. एकच पद पंडित भानुशंकरांच्या वळणाने संथ, तर खाँसाहेबांच्या वळणाने द्रुत होते, तेव्हा दोन घराणी, दोन स्वभाव आणि कलेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोरासमोर उभ्या राहतात. म्हणजे एका गळ्याच्या लोकप्रियतेवर चाललेल्या या नाटकाची रचना मुळात दोन गळ्यांची मागणी करणारी आहे.

खाँसाहेब आपली गायकी कुलुपात ठेवतात. सदाशिव ती चोरून ऐकतो. विद्या रक्ताने मिळते की श्रवणाने, हा नाटकाचा खरा झगडा. त्यात खाँसाहेब साकारणाऱ्या वसंतरावांनी स्वतः नागपुरात शंकरराव सप्रे आणि लाहोरात असदअली खाँ यांच्यासारख्या भिन्न गुरूंकडून विद्या घेतली होती. बंद घराण्याचा अभिमान त्यांनी रंगविला तो मुक्त गायकीच्या बळावर. त्यामुळे खाँसाहेबांचा अहंकार खलनायकी न होता करुण झाला.

वसंतराव १९८३ मध्ये गेले. २०१० च्या पुनरुज्जीवनात त्यांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले, तर अभिषेकींचे शिष्य महेश काळे सदाशिव. एक रक्ताचा वारस, दुसरा शिष्यत्वाचा. नाटकातील वाद जणू पात्रयोजनेतच उतरला. पुढे २०१५ च्या चित्रपटाने ही कथा नव्या पिढीपर्यंत नेली. परंतु नाट्यगृहातील रसिक बहुधा आजोबांच्या ध्वनिमुद्रिका कानात घेऊनच बसतो. नवी तान आली की तो ती ऐकण्याआधी तोलतो. ‘ते’ गाणे मिळाले नाही म्हणून हळहळतो, मिळाले तर नक्कल म्हणून मान हलवितो. नव्या गायकाला दोन्हीकडून सुटका नाही.

येथे या नाटकाने प्रेक्षकाला नकळत खाँसाहेबांच्या जागी नेऊन ठेवले आहे. गायकीचे दार रोखून धरणारा आता रंगमंचावर नसतो, तो खुर्चीत असतो. कट्यार त्याच्या हाती आहे आणि तिचा वार क्षम्यही आहे. खाँसाहेबांनी अखेरीस जो हात आवरला, तो त्याला आवरता येतो का, यावरच नाटकाचे आयुष्य ठरते.

मराठी मुलखाबाहेरच्या प्रेक्षकाला हा अर्थ अधिक जाणवावा. जबलपूरसारख्या गावी मराठी भाषाही नुसत्या जन्माने टिकत नाही. ती घरात ऐकावी लागते, आणि ऐकणाऱ्याला ती आपल्या उच्चारांनी बोलण्याची मुभा द्यावी लागते. थोर प्रयोगाच्या स्मृतीचेही तसेच आहे. कमानिया गेटखालून रोजची वर्दळ सुरू असते, म्हणून ती कमान अजून गावाची आहे. वसंतरावांच्या स्मरणातून पुढच्या गायकाला अशी वाट मिळाली, तरच ‘कट्यार’ त्यांच्यामागे नाटक म्हणून जगेल.