उतरती कळा आणि बी

इंग्रजीत ऱ्हास दर्शविणारा 'टु गो टु सीड' असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दार्थ 'बियांवर जाणे'. त्याचा उगम भाजीच्या वाफ्यात आहे. काकतीसारख्या बेळगावशेजारच्या गावातील कोणाही मळेकऱ्यास विचारावे : मेथी फुलावर आली की पाला निबर होतो, मुळा आतून पोकळ पडतो; माल बाजारास नेण्याजोगा राहत नाही. या शेतकी अर्थावरूनच पुढे कळाहीन झालेल्या माणसास वा दुर्लक्षिलेल्या वास्तूस तो लावण्यात येऊ लागला.

त्याचे शब्दशः भाषांतर मात्र आम्हांस सदोष वाटते. मराठीत 'बीज' हा आरंभाचा शब्द होय. तो ऐकून ऱ्हास मनात येत नाही. येथे आपला 'उतरती कळा' हाच प्रयोग योग्य. कळा म्हणजे मूळची चंद्राची कला. ती वद्य पक्षात उतरते आणि शुद्ध पक्षात चढते. 'ऱ्हास' या शब्दात परतीची वाट नाही, या प्रयोगात ती आहे.

१९५६ साली बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून सीमाभागातील मराठीस उतरती कळा लागली, असे आपण सहज म्हणतो. म्हणताना शब्दाचा पुरता अर्थ ध्यानी घ्यावा. इंग्रजी वाक्प्रचारानेही एक गोष्ट सांगितलेली नाही : तोच मळेकरी चार रोपे न उपटता मुद्दाम बियाण्यासाठी राखतो. बाजाराच्या दृष्टीने ती वाया गेलेली असतात. पुढचा वाफा मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतो. मराठीच्या शिक्षकाचे कार्य आम्हांस याहून निराळे वाटत नाही.