शक्यता आणि निकाल : एका जुन्या तपासाची फेरतपासणी

उत्तर उरल पर्वतात १ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री नऊ पदभ्रमणकर्ते मरण पावले. त्यांच्या मृत्यूविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातले बरेचसे न वाचले तरी चालेल. मात्र २०१९ मध्ये रशियन सरकारी वकिलांनी सुरू केलेला फेरतपास आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध, ही दोन कामे विज्ञानशिक्षकांनी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींचे उत्तर जवळपास एकच आहे : हिमस्खलन. पण उत्तरापर्यंत जाण्याची दोघांची रीत वेगळी आहे.

आधी घटना पाहू. स्वेर्दलोव्स्कच्या उरल पॉलिटेक्निक संस्थेतील विद्यार्थी व पदवीधरांचा हा गट होता. त्यातील बहुतेक सगळे विशीतले. नेता इगोर द्यातलोव्ह २३ वर्षांचा. निघाले दहा जण, पण एक जण आजारी पडून परतला. उरलेल्या नऊ जणांनी होलात स्याख्ल या डोंगराच्या उतारावर बर्फ खणून सपाटी केली आणि तंबू ठोकला. २६ फेब्रुवारीला तो तंबू शोधपथकाला सापडला. कापड आतून कापलेले होते, बूट व गरम कपडे आतच होते. पावलांचे ठसे खाली जंगलाच्या दिशेने गेले होते. सुमारे दीड किलोमीटरवर, झाडाखाली विझलेल्या शेकोटीपाशी पहिले दोन मृतदेह मिळाले. शेवटचे चार मे महिन्यात घळीतील खोल बर्फाखाली सापडले. सहा जण थंडीने गेले, तिघे गंभीर दुखापतींनी. दोघांच्या बरगड्या मोडल्या होत्या, एकाची कवटी फुटली होती. माणसांना तोंड देता न आलेल्या एका नैसर्गिक शक्तीमुळे हे घडले, असा शेरा मारून मे १९५९ मध्ये तपास बंद झाला. ती शक्ती कोणती, हे लिहिले नाही. त्या रिकाम्या जागेत मग क्षेपणास्त्रे, गुप्त शस्त्रे आणि अग्निगोल येऊन बसले.

हिमस्खलनाविरुद्ध चार आक्षेप होते आणि ते वजनदार होते. शोधपथकाला त्याच्या खुणा दिसल्या नाहीत. तिथला सरासरी उतार जेमतेम २३ अंशांचा, तर हिमाच्या लाद्या सहसा ३० अंशांहून तीव्र उतारावर घसरतात. बर्फ खणला संध्याकाळी, मग संकट रात्री का आले? आणि अशा जखमा हिमस्खलनात सहसा दिसत नाहीत.

फेरतपासाने आरंभीच जाहीर केले की फक्त तीन शक्यता तपासल्या जातील : हिमस्खलन, हिमाची लादी घसरणे आणि वादळ. तिन्ही नैसर्गिक. जुलै २०२० मध्ये निकाल आला की गट हिमस्खलनामुळे तंबूबाहेर पडला आणि १६ मीटरच दिसत असल्याने त्याला परत तंबू सापडला नाही. निष्कर्ष असंभाव्य नाही. पण उत्तराचे रकाने आधी आखले की उत्तर त्यांपैकी एका रकान्यातच पडते. इतर शक्यता वगळायच्या तर त्या कोणत्या पुराव्याने वगळल्या, हे सांगावे लागते. आणि ६१ वर्षांपूर्वीच्या रात्रीची दृश्यता १५ नव्हे, २० नव्हे, तर १६ मीटर? मोजमापासोबत संभाव्य चूक लिहा, असे आपण नववीच्या मुलांना बजावतो.

स्वित्झर्लंडमधील योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी जानेवारी २०२१ च्या निबंधात आक्षेप एकेक करून हाती घेतले. २३ अंश ही सरासरी आहे. तंबूच्या लगतचा उतार सुमारे २८ अंशांचा होता आणि वरच्या बर्फाने ती तीव्रता झाकली होती. लादीखाली दाणेदार साखरेसारखा, घर्षण कमी असलेला हिमाचा थर असेल, तर ३० अंशांची अट सैल होते. खणल्यामुळे लादीचा आधार गेला. वरून येणाऱ्या वाऱ्याने रात्रभर तिच्यावर हिम लोटले आणि कित्येक तासांनी ती तुटली. लादी लहान असल्याने तिच्या खुणा सव्वीस दिवसांत झाकल्या जाऊ शकतात. जखमांसाठी त्यांनी हिमाच्या हालचालीचे संगणकीय अनुकरण केले आणि मोटारींच्या सुरक्षेसाठी पूर्वी मृतदेहांवर केलेल्या आघात-चाचण्यांशी ते ताडून पाहिले. कठीण तळावर झोपलेल्या माणसाला अशी लादी गंभीर, पण तत्काळ जीव न घेणारी दुखापत करू शकते, असे दिसले.

या निबंधालाही मर्यादा आहेत. थराचे घर्षण, लादीची जाडी, वाऱ्याने आणलेले हिम, हे सगळे आकडे गृहीत धरलेले आहेत. त्या रात्री ते तेवढेच होते, याचा पुरावा नाही. जबर जखमी सोबत्यांना घेऊन दीड किलोमीटर उतरणे कसे जमले, या प्रश्नाला गणित हात लावत नाही. पण आपण सारे कोडे सोडवल्याचा दावा लेखक करत नाहीत. त्यांनी इतकेच दाखवले की 'इथे हिमस्खलन अशक्य' हे विधान टिकत नाही. शिवाय त्यांचे म्हणणे डोंगरावर जाऊन तपासता येते. पुढच्या मोहिमांत तिथे ३० अंशांपेक्षा तीव्र जागा मोजल्या गेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या परिसरात घसरलेल्या लाद्यांची छायाचित्रेही मिळाली. तरीही यातून १९५९ ची रात्र सिद्ध होत नाही. 'घडू शकते' आणि 'घडले' यांमधले अंतर उरतेच. फेरतपासाने ते अंतर एका वाक्यात ओलांडले. एकदा अर्धवट शेरा हाती पडलेल्या नऊ कुटुंबांना कारणांसह उत्तर मिळणे गरजेचे होते.

वर्गात दोन गोष्टी करता येतील. फळीवर वही ठेवून फळी हळूहळू तिरपी करा आणि वही घसरू लागते तो कोन मोजा. त्याचा टॅन म्हणजे घर्षणगुणांक. २३ अंशांसाठी तो ०.४२, २८ साठी ०.५३. फळीवर बारीक वाळू पसरून पुन्हा मोजा. मग फळ्यावर तीन रकाने आखा : 'पाहिले', 'अनुमान केले', 'शक्य आहे'. या प्रकरणातले एकेक विधान मुलांना त्यांत बसवू द्या. 'तंबू आतून कापला' हे विधान बहुतेक जण पहिल्या रकान्यात टाकतील. कापताना कोणी पाहिले नव्हते. कापडाच्या आतल्या बाजूच्या चिरांवरून तज्ज्ञांनी ते ठरवले. त्याची जागा दुसऱ्या रकान्यात आहे. तिथून चर्चा सुरू करावी.