लूप, तांबी आणि ‘अफवा’

1965 साली आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूप आला. बफेलोच्या डॉ. जॅक लिपीज यांनी तयार केलेली ती नागमोडी प्लास्टिकची वस्तू. पुढे कानपुरात तिचा कारखानाही निघाला. 1966-67 मध्ये देशभरात नऊ लाखांच्या आसपास लूप बसवले गेले. त्यानंतर दोनच वर्षांत हा आकडा निम्म्यावर आला. या घसरणीचे कारण सांगताना एक शब्द हमखास येतो : अफवा. माझा आक्षेप या शब्दाला आहे.

अफवा होत्याच. लूप अंगात वर चढतो, त्याने कर्करोग होतो, असे बोलले जाई. लूप काळजापर्यंत जात नाही, हे खरे. पण तो क्वचित गर्भाशयाची भिंत भेदून उदरपोकळीत जातो, हेही वैद्यकाला माहीत होते. म्हणजे गोष्ट फुगवलेली होती. पण बिनबुडाची म्हणता येत नाही.

शिवाय बायका लूप काढून घेत, त्याची मुख्य कारणे रक्तस्राव आणि पोटदुखी ही होती. लूपमुळे पाळीतला रक्तस्राव सुमारे दुप्पट होई. अहवालांच्या भाषेत हा ‘किरकोळ दुष्परिणाम’. कोणासाठी किरकोळ? आधीच रक्त कमी असलेल्या, रोज शेतात राबणाऱ्या बाईसाठी नव्हे. आणि ज्या घरात पाळीला बाजूला बसावे लागते, तिथे चाराचे आठ दिवस झाले की चूल कोणी पेटवायची, पाणी कोणी भरायचे? (सासूचे बोलणे वेगळेच.) त्यातून पाळी नसतानाही डाग दिसू लागला, तर विटाळाचा हिशेबच कोलमडतो. हा सारा त्रास कागदावर एका शब्दात मावला.

कार्यक्रमाचा हिशेब मात्र बसवलेल्या लूपचा होता. 1966 पासून केंद्र सरकार राज्यांना दर लूपमागे 11 रुपये देऊ लागले. अशा व्यवस्थेत परत आलेली बाई ही अडचणच ठरते.

पुढे कॉपर-टी आली आणि मराठीत तिची ‘तांबी’ झाली. नाव घरातले, भांड्याकुंड्यांतले वाटावे असे. लूपपेक्षा ती नि:संशय सरस. तरी पाळीतला रक्तस्राव तिनेही वाढतो. म्हणून तांबी काढायला आलेल्या बाईला ‘गैरसमज झालाय’ म्हणून परत पाठवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासायला हवे. आणि लूपचा इतिहास लिहिणाऱ्याने अफवांच्या यादीआधी लूप काढल्याच्या नोंदी वाचायला हव्यात.